निरोप पोचला, पण कोणाला?

(द्वितीय वर्ष, कला)

‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही,’ ही म्हण आपण सभेत ऐकतो, मोर्चात ऐकतो आणि वर्गप्रतिनिधीच्या भाषणातही ऐकतो. मागितल्यावाचून काही मिळत नाही, हा तिचा मथितार्थ. तो खरा असेलही. पण म्हणीतला दाखला मात्र खरा नाही. रडणे ही बाळाच्या भुकेची उशिराची खूण आहे. त्याआधी बाळ तोंड उघडते, मान इकडेतिकडे फिरवते, मूठ तोंडाशी नेते. या खुणा ओळखणारी आई त्याच्या रडण्याची वाट पाहत नाही. रडून कासावीस झालेल्या बाळाला आधी शांत करावे लागते, तेव्हा कुठे ते नीट पिऊ लागते.

आमच्या आजीने स्वतःची सहा आणि गावातली कितीतरी बाळंतपणे निभावली. तरी ही गोष्ट आमच्या घरात कोणी बोलून दाखवली नव्हती. ती कळली मोबाईलवर आलेल्या दोन ओळींच्या एका निरोपातून. मागच्या वर्षी माझी ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ज्या दवाखान्यात तिचे नाव नोंदवले होते, तेथून असे निरोप येत असत. त्या निरोपांकडे पाहता पाहता माझ्या मनात जे विचार आले, ते आपल्यापुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

नव्या बाळंतिणीला मोबाईलवरून निरोप पाठवावेत आणि अंगावर पाजण्याच्या कामी तिला आधार द्यावा, ही कल्पना आता जगात नवी राहिलेली नाही. अमेरिकेत २०१० साली ‘टेक्स्ट फोर बेबी’ नावाची विनामूल्य सेवा सुरू झाली. गरोदर स्त्रीला आणि नंतर बाळंतिणीला आठवड्यातून तीन निरोप जात. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य खात्याने २०१४ साली ‘मॉमकनेक्ट’ सुरू केले. आपल्या देशात मुंबईच्या ‘आरम्मान’ या संस्थेने ‘एममित्र’ ही सेवा चालवली आणि केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये ‘किलकारी’ आणली. आपल्याकडच्या या दोन्ही सेवा लिहिलेल्या नव्हेत, बोलक्या निरोपांच्या आहेत. फोन वाजतो, उचलला की एक आवाज बोलतो. ‘किलकारी’त गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत असे ७२ निरोप आठवड्याला एक याप्रमाणे येतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे : हे निरोप जावेत, अवश्य जावेत. परंतु जो निरोप बाईच्या हाती पडत नाही आणि जो तिचे उत्तर ऐकून घेत नाही, तो निम्माच पोचला असे समजावे.

प्रथम या निरोपांची गरज काय, हे पाहू. ‘आमच्या आज्यापणज्यांना कोणी निरोप धाडले होते? त्यांची लेकरे वाढली नाहीत काय?’ असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. आमच्या आजीनेही विचारला. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ द्यायला हवे. आज्यापणज्यांच्या भोवती घर भरून बायका होत्या. जाऊ होती, नणंद होती, शेजारची काकू होती. बाळाला कसे धरावे, हे सांगावे लागत नसे. डोळ्यांपुढे रोज दिसे. परंतु त्याच घरांतून बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकून देत, बाळाला मध चाटवत, गुळाचे पाणी पाजत. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस, असे आता वैद्यक सांगते. आज घरातली जाऊ-नणंद शहरात गेली, शेजारची काकू मजुरीला गेली. ज्ञान देणारी माणसे पांगली. चुकीच्या समजुती मात्र घरातच राहिल्या.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध द्यावे आणि पुढे इतर अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ ते चालू ठेवावे. प्रत्यक्षात काय दिसते? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात १०० पैकी जवळजवळ ८९ बाळंतपणे दवाखान्यात झाली. मात्र पहिल्या तासात आईचे दूध मिळाले ते १०० पैकी सुमारे ४२ बालकांनाच. सहा महिन्यांच्या आतील बालकांपैकी फक्त आईच्या दुधावर असलेली १०० मध्ये सुमारे ६४ होती. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोचली, डॉक्टर आले, परिचारिका आली. तरीही निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास वाया गेला. उणीव इमारतीची नाही. योग्य घटकेला योग्य शब्द सांगणाऱ्या माणसाची आहे.

ही ‘योग्य घटका’ फार महत्त्वाची. नैसर्गिक बाळंतपण झाले की दोनतीन दिवसांत बाईला घरी सोडतात. नेमके त्याच सुमारास दूध उतरू लागते, छाती दाटते, दुखते, कधी ताप आल्यासारखे वाटते. बाळ रात्रभर चुळबुळ करते. डॉक्टर आता जवळ नाहीत. अशा वेळी घरातले मोठे माणूस म्हणते, ‘दूध पुरंना, लेकरू उपाशी राहतंय, गाईच्या दुधात पाणी घालून पाज.’ बाळाच्या पोटात वरचे दूध गेले की ते अंगावर कमी ओढते. आणि ते जितके कमी ओढते तितके आईला दूध कमी येते. दूध साठवणीतून येत नाही, ते मागणीतून तयार होते. विहिरीला जसे उपशाने पाणी येते, तसेच काहीसे हे आहे. म्हणून ‘पुरत नाही’ या शंकेने एकदा घरात पाय ठेवला की काही दिवसांत ती शंका स्वतःला खरी करून दाखवते.

या घटकेला तिसऱ्या दिवशी निरोप येतो : ‘छाती दाटली तर घाबरू नका. बाळाला वारंवार पाजा.’ चौथ्या-पाचव्या दिवसानंतर येतो : ‘बाळ चोवीस तासांत सहा वेळा किंवा जास्त शू करत असेल, तर दूध पुरते आहे.’ किती साधी गोष्ट! पण ज्या घरात दूध मोजायला दुसरे माप नाही, तेथे ओली दुपटी मोजण्याचे हे माप बाळंतिणीच्या हाती मिळते आणि ती मोठ्यांपुढे दोन शब्द बोलू शकते. आमच्या घरात ताईने खरोखरच दुपटी मोजली. आठ निघाली. आजी काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘मग रडतंय कशानं?’ त्यावर ती पहिल्या परिच्छेदातली खूण कामी आली. निरोपाचा मोठा गुण असा की, तो वेळ साधतो. पुस्तक कपाटात राहते, भाषण सभागृहात राहते. निरोप तिसऱ्या रात्री उशाशी येतो.

पण तो कोणाच्या उशाशी येतो? येथे माझ्या लेखाचा खरा प्रश्न सुरू होतो.

ताईचे नाव नोंदवताना जो क्रमांक दिला गेला तो दाजींचा. ताईजवळ स्वतःचा फोन नाही. दाजी त्यांच्या गावी, दिवसभर कामावर. रविवारी ते ताईला भेटायला आले की आठवडाभराचे निरोप एकदम मिळत. म्हणजे तिसऱ्या दिवसाचा निरोप नवव्या दिवशी. शिवाय निरोपात ‘स्तन’ हा शब्द असला की दाजी संकोचत. फोन माझ्यापुढे धरून म्हणत, ‘हे तुमच्या बायकांचं हाय, तूच वाच.’ ताई सातवीपर्यंत शिकलेली. तिला वाचता येते, पण मोबाईलच्या लहान पडद्यावरचे बारीक अक्षर ओल्या बाळंतिणीला कुठे वाचवते? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गॅसचा निरोप, बँकेचा निरोप, रेशनचा निरोप वाचण्याचे काम माझेच असते. त्यात या निरोपांची भर पडली. सातव्या दिवसानंतर मी दाजींना रोज संध्याकाळी फोन करून निरोप वाचून दाखवायला सांगू लागले. आरंभी ते अडखळत. पुढे सवय झाली.

हे एका घरापुरते असते तर मी लिहिले नसते. त्याच पाचव्या पाहणीत आढळले की, स्वतः वापरते असा फोन जवळ असणाऱ्या स्त्रिया देशात १०० पैकी ५४ होत्या. आणि अशा फोन असणाऱ्या स्त्रियांतही लिहिलेला निरोप वाचता येणाऱ्या १०० पैकी सुमारे ७१. गणिताचा विद्यार्थी नसलेल्यालाही हिशेब कळेल : शंभर बायकांना लिहिलेला निरोप पाठवला, तर तो स्वतःच्या हाताने उघडून वाचणाऱ्या चाळिशीच्या आतच भरतात. उरलेल्या साठ जणींचा निरोप नवऱ्याच्या, दिराच्या किंवा सासऱ्याच्या खिशात राहतो. आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, त्या बहुधा या साठांतच असतात.

दुसरी अडचण भाषेची. आपण कला शाखेचे विद्यार्थी, तेव्हा हा विषय आपल्या अंगणातला आहे. ‘निव्वळ स्तनपान’, ‘पूरक आहार’, ‘नवजात शिशू’ हे शब्द शासकीय मराठीत शोभतात. आमच्या गावात बाई बाळाला ‘अंगावर पाजते’. पहिल्या दुधाला ‘चीक’ म्हणतात, गाईम्हशीच्या दुधाला ‘वरचे दूध’ म्हणतात, आईच्या मायेने दूध दाटून आले तर ‘पान्हा फुटला’ म्हणतात. इतके समृद्ध शब्द भाषेत असताना आपण बाळंतिणीशी कार्यालयीन पत्राच्या भाषेत का बोलावे? शिवाय येथे काटकसरही करावी लागते. इंग्रजी लिपीतला एक निरोप १६० अक्षरांचा असतो. देवनागरीत तो ७० चिन्हांतच संपतो, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी हे सारे वेगळे मोजले जाते. ‘बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या. पाणीही नको.’ एवढे त्यात बसते. परंतु ‘पाणीही नको’ म्हटले की मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आजी विचारणारच, ‘लेकराचा जीव तहानणार नाही का?’ आईच्या दुधात शंभर भागांत सुमारे ८७ भाग पाणीच असते, हे कारण सांगायला सत्तर चिन्हे पुरत नाहीत. हुकूम बसतो, कारण बसत नाही. आणि कारणाशिवाय आलेला हुकूम आमची आजी मानत नाही. माझ्या मते तिचे बरोबर आहे.

म्हणून बोलका निरोप लिहिलेल्यापेक्षा बरा, हे उघड आहे. पण तोही एकतर्फी असेल तर काय होते? ‘किलकारी’चा एक मोठा अभ्यास मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच हजारांहून अधिक गरोदर स्त्रिया त्यात होत्या. निरोप मिळणाऱ्या स्त्रियांमध्ये कुटुंबनियोजनाच्या साधनांचा वापर थोडा वाढलेला आढळला. परंतु सहा महिने फक्त आईचे दूध देण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यावरून निरोप कुचकामी आहेत, असा निष्कर्ष मी काढणार नाही. मला त्यातून एवढेच दिसते की, अंगावर पाजणे ही नुसती माहितीची गोष्ट नाही. ते एक कौशल्य आहे. बाळाच्या तोंडात नुसते अग्र जाऊन चालत नाही. भोवतीचा काळसर भागही बराचसा जावा लागतो, हनुवटी छातीला टेकावी लागते. हे ऐकून कळते, पण जमते ते कोणी शेजारी बसून दाखवल्यावर. आणि प्रत्येकीची अडचण निराळी असते. एकीला भेगा पडलेल्या असतात, एकीला गाठ आलेली असते, एकीचे मूल कमी वजनाचे असते, एकीला फक्त रडू येत असते. सर्वांना एकच निरोप धाडणारे यंत्र यांतल्या कोणालाही ‘तुझे काय?’ असे विचारत नाही.

विचारणारी यंत्रे मात्र जगात झाली आहेत. ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात बाळंतिणीला आठवड्यातून एकदा ‘कसे चालले आहे?’ असा निरोप जाई, ती उत्तर देई आणि उत्तराप्रमाणे पुढचा निरोप येई. दक्षिण आफ्रिकेच्या ‘मॉमकनेक्ट’मध्ये आई उलट प्रश्न विचारू शकते, इतकेच नव्हे तर दवाखान्यात कशी वागणूक मिळाली, याची तक्रार किंवा कौतुकही कळवू शकते. गरीब घरातल्या बाईने सरकारी दवाखान्याबद्दल आपले मत कळवावे आणि ते कोणीतरी नोंदवून घ्यावे, ही गोष्ट मला त्या साऱ्या तांत्रिक करामतीपेक्षा मोठी वाटते. आपल्याकडे ती का होऊ नये? बाईने नुसता मिस्ड कॉल द्यावा आणि तिच्या गावच्या आशाताईला ते कळावे, एवढे तर सहज जमण्यासारखे आहे. मिस्ड कॉल देण्यात आपला देश कोणाला हार जाणार नाही!

आशाताईचे नाव निघाले, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. निरोप हा माणसाचा मदतनीस असावा, माणसाच्या जागी बसवलेला बुजगावणे होऊ नये. महाराष्ट्राला हे सांगण्याचा अधिकार आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले : नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तेव्हा त्या गावांत मोबाईल नव्हते. दाराशी येणारी ओळखीची बाई होती. त्याच अनुभवावर पुढे २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. या भेटी नीट व्हायच्या तर आशाताईला वेळेवर आणि पुरेसा मोबदला मिळाला पाहिजे. ‘निरोप जातातच, मग माणूस कशाला?’ असे उद्या कोणी म्हणू लागले, तर स्वस्त सोयीने महागाचे नुकसान केले असे होईल.

आणखी एका बाजूने पाहू. ज्या बाईला सव्वा महिना झाला न झाला तोच कोयता घेऊन उसाच्या फडात उभे राहावे लागते, तिला ‘दर दोनतीन तासांनी पाजा’ हा निरोप काय कामाचा? २०१७ च्या दुरुस्तीनंतर पगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. पण ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतील नोकरदार स्त्रीला. मुकादमाकडून उचल घेतलेल्या बाईला कोणती रजा? आईचे दूध अमृत आहे, असे आपण भाषणांतून म्हणतो. मातृदेवतेवर निबंध लिहितो आणि बक्षिसे मिळवतो. त्या देवतेला दुपारी अर्धा तास सावलीत बसू द्यावे, हे मात्र कोणाला सुचत नाही. निरोप जर आईलाच ‘हे कर, ते कर’ सांगत राहिला आणि भोवतालच्यांना काहीच सांगेना, तर तो आधार राहत नाही. ती आणखी एक सासू होते.

तरीही निरोप बंद करा, असे मी म्हणणार नाही. कारण मोबाईलचे मैदान मोकळे नाही. डब्यातल्या दुधाच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरी जगभर डब्याच्या दुधाच्या कंपन्या मोबाईलच्या वाटेने थेट मातांपर्यंत पोचतात, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिला. विकणारा जर बाळंतिणीच्या उशाशी पोचत असेल, तर शिकवणाऱ्याने मागे राहून कसे चालेल?

तेव्हा काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी. क्रमांक नोंदवताना ‘हा फोन कोणाचा?’ हे विचारून लिहावे. एक निरोप आईला, एक बाळाच्या वडिलांना आणि एक आजीला असा वाटून द्यावा. कारण रात्री पाणी आणून देणे वडिलांचे काम आहे आणि चीक टाकू न देणे आजीचे. निरोप बोलका आणि घरच्या मराठीत असावा. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी उत्तराची वाट असावी, जिच्या टोकाला यंत्र नसून नाव माहीत असलेली बाई असेल.

यांतल्या बऱ्याच गोष्टी सरकारने करायच्या आहेत. पण एक आपल्या हातची आहे. या महाविद्यालयात माझ्यासारखे कितीतरी जण आहेत, जे घरातले पहिले वाचणारे आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण दत्तक गावात रस्ता झाडतो, शोषखड्डे खणतो, सायंकाळी पथनाट्य करतो. यंदा त्यातली एक दुपार आशाताईंबरोबर काढावी. गावात किती बाळंतिणी आहेत, त्यांचे निरोप कोणाच्या फोनवर येतात, ते त्यांना कोणी वाचून दाखवते का, एवढे पाहावे. जेथे वाचणारा नसेल तेथे शेजारची शाळकरी मुलगी किंवा मुलगा नेमून द्यावा. मुलगाही, कारण ‘हे बायकांचं’ म्हणून फोन पुढे सरकवण्याची सवय मोडायची ती याच वयात. मराठी विभागाच्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर ते शासकीय निरोप आपण आपल्या तालुक्याच्या बोलीत उतरवूनही देऊ शकू. भाषांतराच्या तासाला याहून चांगला उतारा कोणता मिळणार?

शिकलेल्या माणसाने काय करावे, यावर मोठमोठी व्याख्याने होतात. मला तूर्त एवढेच सुचते : घरात आलेला निरोप ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत, त्याच दिवशी, न लाजता पोचवावा, आणि त्याचे जे उत्तर असेल, ते उलट कळवावे.